कॉलेजात हिस्पॅनिक दिवस: टॉर्टिया आपल्याच तव्यावर

हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी नातं असलेले लोक. अमेरिकेत त्यांचा हिस्पॅनिक वारसा महिना 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर असा पाळतात. 15 सप्टेंबर हा ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन, 16 ला मेक्सिकोचा. आपल्याकडे सोयाबीन सोंगायला आलं की वर्ग रिकामे होतात, म्हणून कार्यक्रम 15-16 लाच उरका. नकाशा लावताना ब्राझील रंगवू नका, तिथे पोर्तुगीज चालते. मोठ्या टोप्या, खोट्या मिशा लावून नाच तर अजिबात नको. त्यात त्या लोकांची थट्टाच होते.

जीव ओतायचा तो टॉर्टियात. मेक्सिकोची ही मक्याची भाकर चुन्याशिवाय होत नाही. 25-30 जणांसाठी 1 किलो वाळलेला पांढरा किंवा पिवळा मका घ्या. पेरणीच्या पाकिटातला रंगवलेला मका कधीच नको, त्याला औषध लावलेलं असतं. पानठेल्यावरचा साधा, बिनवासाचा ओला चुना साधारण 20 ग्रॅम घेऊन 3 लिटर पाण्यात कालवा. भिंतीचा चुना चालणार नाही. भांडं स्टीलचं असू द्या, ॲल्युमिनियमला चुना खातो.

मका 30-40 मिनिटं मंद उकळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दाणा चोळला की साल सुटायला हवी. नाही सुटली तर आणखी दहा मिनिटं उकळा. मग दोन-तीन पाण्यांनी धुवा. कमी धुतलं तर तुरट लागतं, चोळचोळून धुतलं तर पीठ धरत नाही. पिठाच्या गिरणीत ओला दाणा जात नाही. पाट्यावर किंवा वेट ग्राइंडरमध्ये अगदी थोड्या पाण्यात घट्ट वाटा.

लिंबाएवढा, साधारण 30 ग्रॅमचा गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून वरून सपाट ताटलीने दाबा. कडा फाटल्या तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावा. कागदाला चिकटलं तर पाणी जास्त झालं. तवा चांगला तापवा: पहिली बाजू अर्धा मिनिट, दुसरी एक मिनिट, मग पुन्हा उलटून हलकं दाबा, म्हणजे फुगते. सुती कापडात गुंडाळून ठेवा, उघडी राहिली की कडक होते. किलोभर मक्याच्या साठेक होतात.

सोबत साल्सा: टमाटर आणि हिरवी मिरची तव्यावर काळे डाग पडेस्तोवर भाजा, मीठ घालून खलात ठेचा, वरून कच्चा कांदा, सांबार (कोथिंबीर), लिंबू. आयत्या वेळीच करा, तासाभरात पाणी सुटतं.

शेजारी सुपात मका, लाल मिरची, सीताफळ मांडा आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावा की हे अमेरिका खंडातून आलं. झेंडूही तिकडचाच. मेक्सिकोत 1-2 नोव्हेंबरला गेलेल्या माणसांसाठी मांडलेल्या वेदीवर तोच वाहतात. पण ती वेदी सप्टेंबरात मांडू नका; तिचा दिवस वेगळा आहे.