ॲप काढण्यापूर्वी संधी कशी पारखावी

मोबाइलवरील नव्या उद्योगाची आखणी आपल्याकडे बहुधा एकाच वाक्याने सुरू होते: देशात एवढे कोटी लोक इंटरनेट वापरतात, त्यांतले एक टक्का आले तरी पुरे. फुकट असेल तर ते एक टक्का लोक येतातही. मात्र त्यांच्यापैकी पैसे किती जण देतील, याचा हिशेब त्या वाक्यात नसतो. ग्राहकांसाठी ॲप काढू पाहणाऱ्याने म्हणूनच वापरणारा कोण आणि पैसे देणारा कोण, हे दोन प्रश्न पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. हे मार्गदर्शन याच भेदाभोवती बांधलेले आहे आणि ते भारतापुरते, त्यातही मराठी गावा-शहरांपुरते आहे.

आधी २०१६ साली काय बदलले ते नीट समजून घ्यावे. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूपीआयची सुरुवात झाली, ५ सप्टेंबरला जिओची सेवा बाजारात आली आणि एका जीबीसाठी दोनशे रुपयांच्या आसपास मोजणारा माणूस काही महिन्यांत दिवसाला तेवढा डेटा वापरू लागला. पुढे जानेवारी २०२० पासून यूपीआयवरील व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला, तरी नुसते पैसे पोहोचवण्याच्या कामावर पैसे कमावणे आजही अवघड आहे. म्हणजे जोडणी स्वस्त झाली आणि देवाणघेवाण फुकट झाली. या दोन्ही ठिकाणी नवख्याला आता जागा उरलेली नाही. जागा आहे ती या दोन गोष्टी हाताशी असूनही जी कामे अजून वहीत, फोनवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत चालतात तिथे.

अशी कामे शोधायची तर घरी बसून कल्पना लढवण्यापेक्षा एखाद्या व्यवहाराच्या ठिकाणी चार दिवस बसावे. उदाहरणासाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिका घेऊ. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी गावाहून येतो, चार जिने चढून चार अभ्यासिका पाहतो, डिपॉझिट भरतो, आणि खिडकीजवळची जागा रिकामी झाली की कळवा असे मालकाला सांगून ठेवतो. मालक नावे वहीत लिहितो, कोणाचा महिना कधी संपतो ते लक्षात ठेवतो आणि फी थकली की संकोचत फोन करतो. इथे वापरणारे दोघे आहेत. विद्यार्थ्याची गरज मोठी असली तरी ती वर्षातून एकदोनदाच उद्भवते आणि त्याच्या खिशात मोजके पैसे असतात. मालकाची गरज लहान वाटते, परंतु ती दर महिन्याला उद्भवते, आणि रिकामी राहिलेली प्रत्येक खुर्ची त्याला रुपयांत दिसते. तेव्हा ॲप विद्यार्थ्याला फुकट द्यावे आणि पैसे मालकाकडून घ्यावेत, असा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच आहे हे मात्र विसरू नये, कारण पुढची सगळी मेहनत तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी करायची आहे.

दुसऱ्यांच्या अनुभवातून इथे बरेच शिकता येते. ऑनलाइन खरेदी-विक्रीचे ॲप असलेल्या मीशोच्या संस्थापकांनी २०१५ मध्ये जवळच्या कपड्यांच्या दुकानांतून माल मागवण्याचे ॲप काढले होते आणि ते चालले नाही. मग दुकानदार व्हॉट्सॲपवरून विकतात हे त्यांच्या लक्षात आले, आणि त्याहीपुढे, घरबसल्या ओळखीपाळखीत साड्या-कुर्ते विकणाऱ्या बायका हाच मोठा वर्ग आहे हे दिसले. त्या बायकांचा व्यवहार ॲप येण्याआधीपासून चालू होता, ॲपने फक्त त्याला माल आणि पोचवणी यांची जोड दिली. याउलट, भारतीय भाषांतील, ट्विटरसारखा संदेशमंच म्हणून २०२० मध्ये निघालेले ‘कू’ कोट्यवधी वेळा डाउनलोड होऊनही जुलै २०२४ मध्ये बंद झाले. आपली भाषा असणे हे येण्याचे कारण होऊ शकते. राहण्याचे आणि पैसे देण्याचे कारण वेगळे शोधावे लागते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, हा आकडा सादरीकरणात शोभतो, पण त्यावर बेत आखू नये.

अंदाज पारखण्यासाठी ॲप लागत नाही. एक व्हॉट्सॲप बिझनेस खाते, एक यूपीआयचा क्यूआर कोड आणि एक गूगल शीट एवढ्यावर महिनाभर काम चालते. सामान घरपोच आणून देणाऱ्या बंगळुरूच्या डन्झोची सुरुवातही अशीच व्हॉट्सॲपवरून झाली होती. आपल्या उदाहरणात एकाच पेठेतील दहा अभ्यासिकांच्या मालकांना गाठावे, रिकाम्या जागांची यादी रोज सकाळी स्वतः फोन करून तयार करावी, विद्यार्थ्यांना ती पाठवावी आणि फीची आठवणही मालकाच्या वतीने आपणच पाठवावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते स्वतःच करावे, पगारी माणसाकडे देऊ नये, कारण कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो हे त्यातूनच कळते. पहिला आठवडा फुकट द्यावा, दुसऱ्या आठवड्यात मात्र पैसे मागावेत. “छान आहे, चालू ठेवा” असे म्हणणारा मालक आणि तिथेच फोन काढून दोनशे रुपये पाठवणारा मालक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दहांपैकी तिघांनीही पैसे दिले नाहीत तर ॲप बांधू नये. किंमत, ग्राहक किंवा मुळात प्रश्नच बदलून पाहावा. तीन हा आकडा माझा आहे, शास्त्राचा नाही, परंतु कोणतातरी आकडा सुरुवातीलाच लिहून ठेवला नाही तर मन नंतर सोयीचा आकडा शोधते.

अंदाज या पारखीत टिकला तर ॲपच्या बांधणीकडे वळावे. भारतात सुरुवात अँड्रॉइडवरच करावी, कारण बहुसंख्य ग्राहकांच्या हातात तोच फोन असतो आणि तो अनेकदा जुना, भरलेल्या साठ्याचा असतो. नवे ॲप घ्यायचे तर ग्राहकाला कुटुंबाचे फोटो पुसावे लागतात. आकार लहान ठेवावा आणि जाळे (नेटवर्क) नसतानाही मुख्य काम व्हावे असे पाहावे. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप इंटरनेट वा जीपीएसशिवाय, मोबाइल टॉवरच्या खुणांवरून गाडी कुठे आहे ते सांगत असे. डिसेंबर २०१८ मध्ये ते बनवणारी कंपनी गूगलने विकत घेतली. मुंबईकरांच्या एम-इंडिकेटरमध्येही लोकलचे वेळापत्रक इंटरनेटविना उघडते, आणि गर्दीत जाळे गेलेल्या फलाटावर त्याची किंमत कळते.

भाषेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण इथे आपलीच माणसे आळस करतात. इंग्रजी पडद्याचे यंत्राने केलेले भाषांतर लावले की ‘सत्यापित करा’, ‘प्रविष्ट करा’ असली बटणे तयार होतात आणि मराठी वाचणारा माणूस निमूटपणे भाषा बदलून इंग्रजीवर जातो. ‘पैसे भरा’, ‘जागा ठरवा’, ‘नंबर टाका’ असे लिहावे. ओटीपीला ओटीपीच म्हणावे. आणि टंकलेखन टाळणाऱ्यांसाठी फोन करण्याचे बटण ठळक ठेवावे. पुण्याच्या ॲग्रोस्टारने शेतकऱ्यांना मिस्ड कॉल देऊन सल्ला आणि बियाणे-खते मागवण्याची सोय केली, ती याच कारणाने चालली.

कागदपत्रांचे काम थोडक्यात सांगता येते. प्ले स्टोअरच्या खात्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, आणि नवे वैयक्तिक खाते असेल तर ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सहभागी असावे लागते. पैसे देणाऱ्या पहिल्या मालकांनाच यात घ्यावे. ओटीपीचे एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी मंचावर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीच्या व्यवस्थेत, संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची (हेडरची) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी करावी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून ती आधीच सुरू करावी. सेवा विकणाऱ्याला साधारणपणे २० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, परंतु दुसऱ्यांची सेवा आपल्या मंचावरून विकून त्यांचे पैसे आपण गोळा करत असू तर नियम वेगळे आहेत. विद्यार्थ्याची फी थेट मालकाच्या खात्यात जाऊ देणे हा सुरुवातीचा सोपा मार्ग आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील व्यक्तींची माहिती घेताना पालकांची पडताळण्याजोगी संमती मागतो, तेव्हा अकरावी-बारावीचे विद्यार्थी येणार असतील तर जन्मतारीख, घरचा पत्ता असे काही गरज नसताना मागूच नये. पैसे लावून खेळण्याच्या खेळांचा विचार मनात असेल तर तो सोडावा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यावर बंदी आणली आहे.

मासिक वर्गणीसाठी यूपीआय ऑटोपे, म्हणजे ग्राहकाने एकदा मंजुरी दिली की ठरलेले पैसे आपोआप कापण्याची सोय, वापरावे. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही, मात्र पैसे कापण्यापूर्वी ग्राहकाला सूचना जाते, आणि ती पाहून मंजुरी रद्द करणारे काही जण असतातच. त्या प्रत्येकाला फोन करावा. डाउनलोडचा आकडा भिंतीवर लावण्याऐवजी दर महिन्याच्या एक तारखेला तीनच गोष्टी लिहाव्यात: मागच्या महिन्यात पैसे दिलेल्यांपैकी किती जणांनी पुन्हा दिले, जे थांबले त्यांनी काय कारण सांगितले, आणि एक नवा मालक जोडण्यासाठी किती रुपये व किती फेऱ्या खर्ची पडल्या. परीक्षांचे निकाल लागल्यावर अभ्यासिका ओस पडतात, म्हणून यातील पहिला आकडा किमान एक पूर्ण वर्ष पाहिल्याशिवाय दुसऱ्या पेठेत जाऊ नये, मग दुसऱ्या शहराची गोष्ट तर दूरच.