बी.एड.ला शाश्वत विकास शिकवताय? उसापासून सुरुवात करा

कोल्हापूर परिसरातल्या बी.एड. कॉलेजात नवीन रुजू झालात आणि पर्यावरण शिक्षणाचा पेपर तुमच्या माथी आला, तर पहिला मोह होतो व्याख्येचा. शाश्वत विकासाची व्याख्या देणारा 1987 चा ब्रुंटलँड अहवाल, 2015 ची संयुक्त राष्ट्रांची 17 उद्दिष्टं, झाली नोट्स. परीक्षेपुरतं हे लागतंच, एका तासात उरकून टाका. खरं काम पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात आहे.

आपल्याकडचे छात्राध्यापक सराव पाठासाठी हमखास 'झाडे लावा, झाडे जगवा' निवडतात. तक्ता सुंदर असतो, मुलं टाळ्या वाजवतात, निरीक्षणवहीत 'उत्तम' असा शेरा पडतो. मला मात्र असल्या पाठात काही शिकवलं गेलंय असं वाटत नाही. म्हणून मी विषय आधीच सांगून टाकते: ऊस.

इथे गंमत सुरू होते. वर्गातल्या निम्म्या जणांच्या घरी ऊस असतो, आणि ज्या शाळेत ते शिकवायला जाणार तिथल्या मुलांच्या घरीही. एकाने टाचणात सरळ लिहिलं, 'ऊस पाणी पितो, म्हणून वाईट.' मागच्या बाकावरून शिरोळकडची एक मुलगी म्हणाली, "मग आमच्या वडिलांनी लावायचं काय? दुसऱ्या कशाला खात्रीचा भाव हाय?" त्या तासाला पुढचं टाचण तिथेच राहिलं आणि चर्चा मात्र झकास झाली. पोराच्या घराला दोषी ठरवणारा पाठ त्याच्या डोक्यात शिरत नाही, हे तेव्हा सगळ्यांना पटलं.

मग ऊस कसा घ्यायचा? शिरोळ तालुक्यातली क्षारपड जमीन घ्या. पाटाने पाणी सोडत राहिलं की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार वरच राहतात. हे वर्गात दाखवता येतं. तळाला भोकं असलेल्या कुंडीत काळी माती भरा, कुंडी मिठाच्या पाण्याच्या थाळीत ठेवा आणि उन्हात सोडून द्या. पाणी खालून चढतं आणि काही दिवसांनी मातीवर पांढरा थर धरतो. शेतकऱ्याचं पोर बोट लावून चाखतं आणि म्हणतं, "आमच्या खालच्या पट्टीत असंच फुटतंय." त्यानंतर सांगा की त्याच तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला आणि नापीक झालेली रानं पुन्हा पिकाखाली आणली. दोष आणि उपाय दोन्ही एकाच मातीतले असले की उपदेश करावा लागत नाही.

गणितवाल्यांनी सुटका करून घेऊ नये. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी पावसाळ्यात रोज बातम्यांत येते: इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. आठवड्याचे आकडे घेऊन आलेख काढायला लावा. 2019 आणि 2021 चा पूर घरोघरी आठवतो, त्यामुळे रेषा 39 च्या जवळ गेली की वर्ग आपोआप बोलू लागतो. इतिहासवाल्यांना राधानगरी धरण आणि शाहू महाराज आहेतच.

एक व्यवहाराची गोष्ट. इंटर्नशिपचं वेळापत्रक हातात आलं की आधी महिना बघा. पावसाळ्यात पडली तर आलेखाचा पाठ, गाळप हंगामात पडली तर उसाचा. गुऱ्हाळ बघायला न्यायचं असेल तर मालकाला आदल्या दिवशी विचारा, आणि उकळत्या काहिलीजवळ मुलांना सोडू नका. मुख्याध्यापकांची लेखी परवानगीही आधीच घ्या, तोंडी 'हो' ऐनवेळी कुणाला आठवत नाही.