असेंबल्ड पीसीच्या बायोसमधली सिक्युरिटी: आधी काय, नंतर काय

लॅमिंग्टन रोडवरून पीसी जुळवून आणला की विंडोज टाकलेलं असतं, आरजीबी लाइट चमकत असतात आणि बायोसमधली (विंडोजच्या आधी चालू होणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) सिक्युरिटी बहुतेक वेळा जशी बोर्डाबरोबर आली तशीच पडून असते. काम अर्ध्या तासाचं आहे, पण क्रम चुकला तर स्वतःच्याच पीसीबाहेर बसायची वेळ येते, म्हणून क्रमानेच सांगतो.

बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, बघा. "मी तो कधी चालूच केला नाही" म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच बघा, कारण विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं, होम एडिशनवर सुद्धा. ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडेल, ती कागदावर लिहून घ्या. त्याच डिस्कवर सेव्ह करून ठेवली तर काय उपयोग? प्रो एडिशन असेल तर बिटलॉकर तात्पुरता सस्पेंडही करून ठेवा.

मग स्टार्टमध्ये सिस्टम इन्फर्मेशन उघडा आणि बायोस मोडसमोर काय लिहिलंय ते वाचा. यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असेल तर पुढे चला. लेगसी असेल तर थांबा, कारण विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर बसलंय आणि आत्ता सिक्युअर बूटच्या (खात्रीची सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) मागे लागलात तर ते उठणारच नाही. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, ते डिस्क न पुसता बदल करतं, तरी बॅकअप घ्या आणि आधी फक्त व्हॅलिडेट (बदल न करता नुसती तपासणी) चालवून बघा.

आता आत शिरायचं. असूस, गिगाबाइट, एमएसआय, या सगळ्यांना पीसी चालू होताना डिलीट दाबत राहायचं, आणि फास्ट बूटमुळे जमत नसेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज.

पहिलं टीपीएम, म्हणजे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपून ठेवणारी सोय. वेगळी चिप विकत घ्यायची गरज बहुधा नसते, इंटेलवर ते पीटीटी नावाने असतं आणि एएमडीवर एफटीपीएम, एमएसआयच्या बोर्डात सिक्युरिटीखाली ट्रस्टेड कम्प्युटिंगमध्ये सापडतं. इनेबल करा. शेजारी क्लिअर टीपीएम दिसेल, त्याला उगाच हात लावू नका. एएमडीवाल्यांना बायोस अपडेटनंतर किंवा प्रोसेसर बदलल्यावर काळ्या स्क्रीनवर एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन, असं विचारलं जातं, आणि माणूस घाईत वाय दाबतो. रिकव्हरी की हातात नसेल तर एन दाबायचं.

दुसरं सिक्युअर बूट. त्यासाठी सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद करावं लागतं आणि खरी गंमत इथेच आहे: ग्राफिक्स कार्ड खूप जुनं, सेकंडहँड घेतलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर डिस्प्लेच येत नाही. घाबरू नका, पॉवर केबल काढा, बोर्डावरचा क्लिअर सीमॉस जंपर (बायोस सेटिंग्ज पुसायच्या छोट्या पिना) मॅन्युअल बघून शॉर्ट करा किंवा सीआर२०३२ सेल थोडा वेळ काढून ठेवा, सेटिंग्ज मूळपदावर येतात. सिक्युअर बूट इनेबल करूनही नॉट अॅक्टिव्ह दिसत असेल तर फॅक्टरी कीज लोड केलेल्या नसतात, तो ऑप्शन तिथेच खाली असतो.

पासवर्ड शेवटी. अॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड बायोस सेटिंग्जला कुलूप लावतो, युजर पासवर्ड बऱ्याच बोर्डांवर पीसी चालू होतानाच विचारतो. घरी पहिला पुरे. दादरला दुकानाच्या काउंटरवर पीसी असेल आणि दिवसभर दहा जण हात लावत असतील तर दोन्ही टाका, आणि यूएसबीवरून बूट होणं बंद करा. पण मघाशी सांगितलेला तोच जंपर बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांवर पासवर्डही उडवतो, म्हणजे कॅबिनेटची बाजूची पट्टी दोन स्क्रूवर असेल तर पासवर्ड नावालाच. आतला डेटा वाचवायचं काम एन्क्रिप्शनच करतं, पासवर्ड नाही.

एफ१० दाबून सेव्ह करा, विंडोज आलं की सिस्टम इन्फर्मेशनमध्ये सिक्युअर बूट स्टेट ऑन दिसतंय का बघा, आणि सस्पेंड केलेला बिटलॉकर परत चालू झालाय का तेही बघा, नसेल तर चालू करा.

बायोस अपडेट करायचा असेल तर तो यूपीएसवरच. मुंबईत लाइट जात नाही म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवावी, लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या होत्या. आणि सीपीयू, रॅम असल्या सेटिंग्ज अपडेटनंतर डिफॉल्टवर जातात, त्यांच्याबरोबर टीपीएम आणि सिक्युअर बूटही जाऊ शकतात, तेव्हा परत एकदा आत जाऊन तपासा.