दसरा ते महाशिवरात्र: खान्देशातील सहा माथे

खान्देशात डोंगर चढण्याचा हंगाम कोणी ठरवावा लागत नाही, तो ऊनच ठरवून देते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचे थर बुटांना असे चिकटतात की पायथ्याशी पोहोचेपर्यंतच माणूस दमतो. म्हणून एका हंगामात अनेक माथे गाठण्याचा संकल्प करायचा असेल, तर तो दसऱ्याला सुरू करून महाशिवरात्रीपर्यंत पुरा करावा. नवख्या माणसाने सहा माथे धरावेत: सोनगीर, लळिंग, भामेर, कन्हेरगड, अस्तंबा आणि शेवटी साल्हेर. साल्हेर नाशिक जिल्ह्यातील बागलाणात येतो हे खरे, पण पिंपळनेरकडच्या माणसाला तो घरचाच वाटतो.

पहिला नियम असा ठेवावा की पायथ्याच्या गावापासून माथ्यापर्यंत आणि परत, सगळे अंतर पायीच झाले पाहिजे. याच कारणाने मी सातपुड्यातील थंड हवेचे ठिकाण असलेला तोरणमाळ यादीत घेत नाही. तो हजार मीटरहून उंच असला, तरी सातपायरी घाटाने गाडी थेट यशवंत तलावाच्या काठापर्यंत जाते, आणि तलावाकाठी चहा पिऊन माथा सर केल्याची नोंद करणे काही खरे नाही.

सुरुवात सोनगीर आणि लळिंगपासून करण्यामागे हिशेब आहे. दोन्ही किल्ले मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत, एक धुळ्याच्या उत्तरेला आणि दुसरा दक्षिणेला, त्यामुळे काही बिघडले तर अर्ध्या-पाऊण तासात रस्त्यावर येता येते. नवे बूट, पाठपिशवीचे पट्टे आणि स्वतःचे गुडघे यांची परीक्षा येथेच घ्यावी. लळिंगच्या उतारावर ऑक्टोबरअखेर गवत कमरेइतके वाढून पिवळे पडते, आणि त्याचे कुसळ मोज्यांत शिरले की दर पावलाला टोचत राहते. पोटरीपर्यंत जाड कापडी पट्टी गुंडाळली तर हा त्रास पुष्कळ वाचतो. माथ्यावरच्या टाक्यांतील पाण्यावर मात्र विसंबू नये. मी पहिल्या वर्षी टाक्यात पाणी असते या ऐकीव भरवशावर एकच बाटली घेऊन गेलो होतो. पाणी होते, पण हिरवे आणि वर शेवाळाचा तवंग आलेला, आणि उतरताना शेवटचा अर्धा तास जीभ टाळूला चिकटली होती. तेव्हापासून माणशी चार लिटर पाणी घरूनच नेतो.

भामेर साक्री तालुक्यात आहे. येथे चढापेक्षा वाट ओळखण्याचा सराव होतो, कारण डोंगरावर गुरांच्या इतक्या वाटा फुटलेल्या आहेत की कोणतीही वाट माथ्याकडे चालल्यासारखी भासते. ढोरवाट आणि माणसाची वाट यांतला फरक असा, की ढोरवाट उताराला आडवी जात राहते आणि चाऱ्याशी किंवा पाण्याशी संपते, तर माणसाची वाट वळणे घेत का होईना, पण उंची गाठत जाते. वळणावर थांबून मागे पाहण्याची सवय लावावी, कारण परतताना डोंगर उलटा दिसतो.

कन्हेरगड चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत जावे. कातळात आग्या मोहोळ असू शकते. अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये आणि मोठ्याने ओरडू नये. ही खबरदारी सगळ्याच किल्ल्यांवर घ्यावी.

यानंतर खरी कसोटी अस्तंब्याची. 1325 मीटर उंचीचा हा सातपुड्याचा माथा अश्वत्थाम्याचे स्थान मानला जातो आणि धनत्रयोदशीच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. पहिल्यांदा जाणाऱ्याने यात्रेच्या गर्दीत न जाता त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी जावे, कारण तोवर वाट हजारो पायांनी मळलेली असते आणि अरुंद चढावर धक्काबुक्कीही नसते. एकट्याने मात्र मुळीच जाऊ नये. पायथ्याच्या गावातील माहितगार भाऊ सोबत घ्यावा, त्याची दिवसाची मजुरी आधीच ठरवावी आणि फोनची रेंज मिळेल असे गृहीत धरू नये.

शिदोरीत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा आणि गूळ-शेंगदाणे असावेत. केळी आपल्याकडचीच असली, तरी पिशवीत दबून त्यांचा लगदा होतो, म्हणून ती चढ सुरू होण्याआधीच खाऊन टाकावीत.

1567 मीटरचा साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला असल्याने तो जानेवारीतच उरकावा. फेब्रुवारीअखेर उघड्या कातळावर दुपारी हात टेकवत नाही. वाघांबे गावातून साल्हेर-सालोटा खिंडीकडे जायचे असेल, तर पहाटे निघावे आणि परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवावी. ती वेळ झाली की माथा समोर दिसत असला तरी वळावे. उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, टाच आधी रोवावी आणि एकमेकांच्या थेट खाली-वर चालू नये, म्हणजे वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागण्याचा धोका कमी होतो. अर्ध्यातून परत आलेला माथाही वहीत तारखेसह लिहावा आणि कोठून, किती वाजता वळलो ते नोंदवावे. पुढच्या खेपेला त्याच जागेपासून वेळेचा हिशेब मांडता येतो.