थार, बोलेरो, जिम्नीला एटी टायर घेताय? आधी आपल्या कोल्हापूरच्या रस्त्यांचा हिशोब मांडा

मे संपत आला की ओळखीतल्या दोन-तीन पोरांचे तरी फोन येतात, दादा एटी (ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारे) टायर टाकायचेत, कुठला घेऊ सांगा. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, गाडी फिरते कुठं? कंपनीचं नाव नंतर. टायर म्हणजे बूट आहे बघा, शेतात जायचं की लग्नाला जायचं हे ठरल्याशिवाय बूट घेत नाही आपण, मग पन्नास-साठ हजाराच्या पुढं जाणारा खर्च नुसता फोटो बघून कसा काय करायचा.

तर एक वही घ्या नाहीतर मोबाईलात लिहा, गेल्या सहा महिन्यांत गाडी कुठं कुठं गेली. खरं खरं लिहा. माझंच सांगतो, रोज शिरोली एमआयडीसी ते घर, आठवड्यातून एकदा गावाकडं पाणंदीतनं शेतात, महिन्यातून एखाद-दुसरी फेरी गगनबावड्याकडं नाहीतर आंबोलीला, आणि वर्षातनं दोन-तीन वेळा खरं ऑफरोडिंग. म्हणजे गाडी बहुतेक वेळ डांबरावर आणि सिमेंटच्या रस्त्यावर, त्यात चार महिने ओल्या रस्त्यावर. हा हिशोब डोक्यात पक्का ठेवा, पुढचं सगळं याच्यावरच आहे.

आता प्रकार तीन. एचटी (हायवे टेरेन) म्हणजे कंपनीतनं बहुतेक एसयूव्हीला येतो तो रस्त्याचा टायर, शांत, मऊ, मायलेज चांगलं. एमटी (मड टेरेन) म्हणजे चिखलाचा, रबराचे मोठे मोठे गट्टे आणि मधे बोट जाईल एवढ्या खाचा. आणि एटी या दोघांच्या मधला. पण या मधल्यातपण लई फरक आहे, काही एटी रस्त्याकडं झुकलेले असतात, काही चिखलाकडं, आणि दुकानात दोन्हीला एटीच म्हणतात.

मी पहिल्यांदा एमटी घेतलेले. गाडी उभी असली की लोक वळून बघायची, ते खरं आहे. पण त्याच जुलैत गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट उतरताना एका वळणावर म्हैस आडवी आली, ब्रेक मारला तर गाडी थांबायच्या ऐवजी पुढचं तोंड घेऊन सरळ डोंगराकडच्या गटारीत. वेग कमी होता म्हणून बंपरवर भागलं, दरीच्या बाजूला असतो तर काय झालं असतं ते अजून डोक्यातनं जात नाही. मोठ्या गट्ट्यांचं रबर रस्त्याला कमी टेकतं आणि त्याच्यावर बारीक चिरा कमी असतात, त्यामुळं ओल्या गुळगुळीत रस्त्यावर पकड मिळत नाही. ते टायर मी सहा महिन्यांत काढले. म्हणून माझं ठाम मत आहे, आपल्याकडं रोजच्या गाडीला टायर बघताना पहिली परीक्षा ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकची, चिखल दुसरा.

ते दुकानात कसं ओळखायचं? खाली बसा आणि गट्ट्यावरनं अंगठ्याचं नख फिरवा. गट्ट्यात ब्लेडनं कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात त्यात नख अडकतं, त्या चिरा पाण्याचा पातळ थर फोडतात. भरपूर चिरा असल्या आणि त्या खोल असल्या तर टायर ओल्यात चांगला, आणि नुसत्या वरवरच्या असल्या तर थोडं घासलं की गायब. मग मधल्या खाचेत बघा, तळाला छोटे छोटे उंचवटे दिसतील, ते खडी बाहेर ढकलायला असतात. गगनबावड्याहून परत आलं की टायरात अडकलेली खडी टिक टिक करत येते ऐकलं असेल, मी घरी येऊन स्क्रू ड्रायव्हरनं काढत बसतो कारण तीच खडी आत आत रुतत जाऊन टायरला भोक पाडते. उंचवटे असलेल्या टायरात हे काम निम्म्यावर येतं.

आता माती. आपल्याकडं दोन माती आहेत आणि दोघींचा स्वभाव वेगळा. पंचगंगेच्या, वारणेच्या काठाची उसाची काळी माती पाऊस पडला की लोण्यासारखी चिकटते, टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून जातात आणि मग कितीही भारी एटी असू दे तो गोटा टायरच झाला. तिथं खाचा रुंद पाहिजेत म्हणजे चाक फिरलं की चिखल उडून जातो, आणि टायर फार रुंद नको, जरा अरुंद टायर चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. गाळप हंगामात ट्रॉल्यांनी पाणंदीत केलेल्या चाकोऱ्या तर नुसत्या टायरनं निघत नाहीत, तिथं गाडीची खालची उंची आणि फोर बाय फोर लागतं. दुसरी पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडची तांबडी जांभ्याची. ती तेवढी चिकटत नाही पण वरनं घसरते, आणि जांभ्याच्या कडा अशा असतात की टायरच्या बाजूला कट बसलाच म्हणून समजा. बाजूचा कट पंक्चरवाला काढत नाही, काढूपण नये, तो टायर गेला. म्हणून तिकडं जास्त फिरणार असाल तर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत बघा, बाजूवर जाड रबराचे गट्टे उतरलेत का, आणि दाबून बघा भिंत किती कडक आहे. (मसाई पठारावर गेलात तर मळलेली वाट सोडू नका, पावसानंतर तिथं फुलं येतात, चाकाखाली एकदा चिरडली की पुढची कित्येक वर्षं ती जागा उघडी पडते, हे मी अगदी हात जोडून सांगतोय.)

साइज. इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात. टायरवर २५५/६५ आर १८ लिहिलंय म्हणजे २५५ मिलीमीटर रुंदी, त्याच्या ६५ टक्के म्हणजे साधारण १६६ मिलीमीटर भिंतीची उंची, आणि १८ इंची रिम. थारला हाच येतो, आणि खालच्या मॉडेलला २४५/७५ आर १६. लोक १८ ची रिम दिसायला भारी म्हणून १६ वाल्याला नावं ठेवतात, पण १६ च्या टायरची भिंत साधारण १८४ मिलीमीटर, म्हणजे १८ मिलीमीटर जास्त रबर दगड आणि रिमच्या मधे. खराब रस्त्याला १६ च बरा, आणि टायर स्वस्तपण मिळतो.

मोठा टायर टाकायचाच असेल तर एकूण व्यास तीन टक्क्याच्या आत ठेवा. उदाहरण घ्या, जिम्नीला १९५/८० आर १५ येतो, व्यास ६९३ मिलीमीटर. त्याच्या जागी २१५/७५ आर १५ टाकला तर साधारण ७०३, दीड टक्का वाढला, चालतंय. पण थारच्या २४५/७५ आर १६ ला काढून २६५/७५ आर १६ टाकला तर ७७४ वरनं ८०४ वर जातो, जवळपास चार टक्के. मीटर १०० दाखवतंय तेव्हा गाडी आधीपेक्षा चार टक्के जास्त पळतेय, किलोमीटर कमी मोजतंय, पिकअप बसतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासतो. शिवाय गाडीत केलेला बदल हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हेच पहिलं बघतात. माझा सल्ला, तुमच्या मॉडेलच्या कुठल्या ना कुठल्या व्हेरिएंटला कंपनीनं दिलेली साइजच घ्या.

लोड इंडेक्स मात्र कुणी बघतच नाही आणि पिकअपवाल्यांसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. साइजच्या पुढं ११२ एस असं काहीतरी असतं, त्यातला ११२ म्हणजे एक टायर ११२० किलो पेलतो, १०५ म्हणजे ९२५, १०० म्हणजे ८०० किलो. एस म्हणजे ताशी १८० पर्यंत, टी म्हणजे १९०. आमच्या चुलत भावाची बोलेरो पिकअप आहे, गुऱ्हाळावरनं गुळाच्या ढेपा भरून मार्केट यार्डात जाते, त्याला कुणीतरी स्वस्तात कारचे एटी टायर देत होतं. मी नको म्हटलं. माल वाहणाऱ्या गाडीला एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालगाडीचे) लिहिलेले, जास्त प्लायचे (आतल्या थरांचे) टायरच पाहिजेत, इंडेक्स कंपनीच्या टायरइतका किंवा जास्त, कमी कधीच नाही. उलट थार किंवा स्कॉर्पिओला एलटी टाकला तर भिंत मजबूत मिळते पण गाडी कडक होते, वजन वाढतं, मायलेज पडतं, आणि तेवढाच लोड पेलायला हवा जास्त ठेवावी लागते. नुसतं घरचं फिरणं असेल तर एलटीच्या नादाला लागू नका.

पैसे द्यायच्या आधी टॉर्च लावून तारीख बघा. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) अशा अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, त्यातले शेवटचे चार आकडे, २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. काही टायरांवर हे आकडे एकाच बाजूला असतात आणि बसवताना ती बाजू आत गेली की तुम्हाला दिसतच नाहीत. माझ्या बाबतीत झालंय, एका दुकानात चारपैकी एक टायर पावणेतीन वर्षं जुना निघाला, मी गाडी जॅकवर असतानाच वाकून बघितलं म्हणून कळलं, त्यांनी बदलून दिला पण कुरकुर करत. तेव्हा रिमवर चढायच्या आधी स्टेपनीसकट पाचही टायरचे आकडे मोबाईलात फोटो काढून ठेवा. सहा महिन्याच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापर्यंत ठीक, त्याच्या पुढं मी घेत नाही. आयएसआयचा शिक्का आहे का तेपण बघा.

डोंगर आणि बर्फाच्या चांदणीचं चिन्ह असलेला टायर काही दुकानदार भारी म्हणून दाखवतात. ते बर्फासाठी आहे. लडाखला थंडीत जाणार नसाल तर त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

नावं विचारत असाल तर, रस्ता जास्त आणि पाणंद कमी असेल त्यांनी योकोहामा जिओलँडर एटी, अपोलो अप्टेरा एटी२ अशा मवाळ एटीपासून बघायला सुरुवात करा. दगडात जास्त फिरणाऱ्यांसाठी बीएफ गुडरिचचा केओ२ भिंतीला मजबूत आहे पण महाग आणि जड. आणि आपल्या साइजमधे तोच टायर वर्षानंतर परत मिळेल का हे दुकानात नक्की विचारा, कारण एक फाटला आणि जोडीचा मिळाला नाही तर फोर बाय फोरची पंचाईत होते. थार, जिम्नीसारख्या गाडीत फोर व्हील टाकल्यावर पुढचा-मागचा एक्सल एकत्र बांधला जातो, टायरच्या व्यासात फरक असला की सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीवर. त्यासाठीच पाच टायर एकदम घ्या, स्टेपनीसकट, आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही फिरवा. फिरवले नाहीत की एटीचे गट्टे एका बाजूनं झिजतात आणि हायवेला घों घों आवाज सुरू होतो, मग लोक टायरला शिव्या देतात.

हवेबद्दल जरा सांगतो, कारण निम्मी पकड हवेत आहे. रस्त्यावर दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे. पाणंदीत किंवा दगडात शिरताना मी हवा साधारण ३३ पीएसआयवरनं २० वर आणतो, टायर पसरतो, दगडाभोवती वाकतो, गाडी उड्या मारायची थांबते. गेल्या पावसाळ्यात भावाच्या रानात स्कॉर्पिओ अडकली होती, लोक ट्रॅक्टर आणायला निघालेले, मी चारी चाकांची हवा कमी केली आणि गाडी हळूहळू स्वतःहून बाहेर आली. पण त्या हवेवर जोरात पळवायचं नाही, झटका देऊन वळायचं नाही, टायर रिममधनं सुटतो, आणि डांबर लागलं की लगेच परत भरायची. म्हणजे १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि चांगला गेज गाडीत पाहिजेच. महागड्या टायरवरचे पाच हजार वाचवून यात घाला असं मी सांगेन.

आणि पुराच्या पाण्यात एटी काहीही करू शकत नाही. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा मोठमोठ्या गाड्या दोन्ही बाजूला उभ्या होत्या. वाहत्या पाण्यात रुंद टायर उलट तरंगायला मदत करतात.

बसवताना बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करून घ्या, नटबोल्ट गनवर सोडू नका, टॉर्क पान्यानं आवळायला सांगा. ऐंशी-शंभर किलोमीटर झाले की परत एकदा नट तपासा. नव्या रबरावर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो, पहिले तीनशे-चारशे किलोमीटर ओल्यात जपून चालवा, घाटात लगेच जाऊ नका. ट्रेड (खाचांची खोली) दीड मिलीमीटरच्या आसपास आला, म्हणजे खाचेतल्या पट्टीला लेव्हल झाला, की कायद्यानंच बाद, पण आपल्या पावसात मी तीन मिलीमीटर उरले की पाचही काढतो, आणि ते शक्यतो एप्रिल-मेमधेच.