जुन्या किटलीची बोंडी: आधी कल्हई, मग लाकूड

तांब्याची जुनी किटली दुरुस्त करताय? मग झाकणाची लाकडी बोंडी सगळ्यात शेवटी बसवा. कल्हईचं कथील 232 अंशांना वितळतं, म्हणजे कल्हई करताना भांडं त्याहून जास्त तापतं. आधी बसवलेली बोंडी करपलीच म्हणून समजा.

लाकूड शिसवाचं उत्तम. भोक रिबिटापेक्षा, म्हणजे बोंडी झाकणाला धरून ठेवणाऱ्या तांब्याच्या खिळ्यापेक्षा, अर्धा मिलिमीटर मोठं ठेवा. वाफेने ओली झालेली बोंडी सुकताना आकसते आणि घट्ट भोकापासून चीर जाते. रिबीट घरीच होतं: जाड तांब्याच्या तारेचा तुकडा लालसर तापवून पाण्यात बुडवायचा. पोलाद अशाने कडक होतं, तांबं मात्र छान मऊ पडतं. खाली तांब्याची चकती घाला आणि हलक्या हातोडीने कडेकडेने, गोल फिरत डोकं ठोका. घाई केलीत तर तार वाकलीच. बसवलेली बोंडी बोटांनी किंचित फिरली पाहिजे.

तोटी गळत असेल तर रेडिओ दुरुस्तीची साधी झाळ (सांधा जोडायला वितळवतात तो धातू, सोल्डर) अजिबात लावू नका, तिच्यात बहुधा शिसं असतं. शुद्ध कथलाचीच झाळ मागा. पुण्याच्या तांबट आळीत हे काम जाणणारे हात आहेत. आणि रिकामी किटली गॅसवर कधीच ठेवू नका, कल्हई वितळून ओघळते.