हिऱ्याची कुडी घडवून घेताय? आधी खडे, मग चित्र

माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी बसल्या बसल्या मोबाईल पुढे करतात. "ताई, अगदी अश्शीच करून द्या." मी फोटो बघते, छान आहे म्हणते आणि विचारते, "पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट आहे का?"

थट्टा नाही. कुडीचा घेर, म्हणजे आडवं माप (व्यास), किती हवा हे ठरवायला टिकलीसारखं दुसरं माप नाही. आठ मिलिमीटरची एक, दहाची एक, अशा टिकल्या कानाच्या पाळीवर चिकटवायच्या आणि आरशापासून चार पावलं मागे सरकायचं. फोटोत भरगच्च दिसणारी कुडी लहान पाळीवर कान झाकून टाकते. भोक ओघळलेलं असेल तर तेही याच वेळी दिसतं. तिथे जड कुडी खाली बघू लागते, मग कितीही महागाचे हिरे लावा.

घेर ठरला की लोकांना वाटतं, आता डिझाइन. नाही, आता खडे. सतरा वर्षं पुण्यात ऑर्डरचे दागिने काढते आहे. वडील सोनार होते, त्यामुळे कानस-मूस घरात होतीच. तरी हे शिकायला मला एक फजिती लागली. सात खड्यांची कुडी म्हणजे मधे एक आणि भोवती सहा. सातही सारख्या व्यासाचे असले तर ते एकमेकांना बरोब्बर टेकतात. सात नाणी टेबलावर मांडून बघा. मला ते इतकं आवडलं, की कॉम्प्युटरवर मी खडे तसेच टेकवून ठेवले. जडाई करणारे दादा मूळचे बंगालचे, कमी बोलणारे. त्यांनी ओतून आलेली कुडी भिंगाखाली धरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नख कुठे मारू?" नख म्हणजे खडा धरून ठेवणारी धातूची बारीक पकड. खरंच, तिला जागाच नव्हती. दोन्ही कुड्या वितळवल्या, मजुरी माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून दोन खड्यांमध्ये दीड दशांश, म्हणजे ०.१५ मिलिमीटर जागा सोडते.

तर खड्यांचं गणित. गोल हिरा २.५ मिलिमीटरचा असेल तर साधारण सहा सेंट भरतो. शंभर सेंटचा एक कॅरेट, आणि कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. एका कुडीत सात, जोडीत चौदा, म्हणजे ८४ सेंट. कुडीचा घेर कडेच्या नखांसकट साडेआठ मिलिमीटरच्या आसपास येतो. हेच खडे ३ मिलिमीटरचे घेतले तर जोडी दीड कॅरेटकडे जाते. दिसायला अर्ध्या मिलिमीटरचा फरक, वजन मात्र पाऊणपट वाढतं. किंमत वजनावर लागते, हे लक्षात असू द्या.

चौदा खडे जुळवणं हे या कामातलं खरं किचकट काम. घडणीपेक्षा जुळवणीला जास्त दिवस गेलेत माझे. नुसता व्यास जुळून भागत नाही, खोलीही जुळावी लागते, नाहीतर एक खडा पायरीसारखा वर राहतो. रंग बघताना पांढरा कागद दुमडून त्या घडीत खडे पालथे ओळीने लावा, खिडकीच्या उजेडात बघा. वरून बघितले तर सगळेच चमकतात आणि काही कळत नाही. एखादा पिवळसर असेल तर असा लगेच उठून दिसतो. पिवळ्या सोन्यात बसवायचे असतील तर जी-एच रंग (जवळजवळ पांढरा) आणि व्हीएस दर्जा (आतले डाग अगदी बारीक) माझ्या मते पुरे. सहा सेंटच्या खड्यातला व्हीव्हीएस, म्हणजे त्याहून वरचा स्वच्छ दर्जा, बघायला तुमच्या जावेला भिंग घेऊनच यावं लागेल.

लॅबमध्ये तयार केलेले हिरे घ्यायला माझी ना नाही, पण बिलावर तसं लिहून घ्या. दुकानातलं हिरा तपासायचं पेन खाणीतल्या आणि लॅबमधल्या, दोन्हींना हिराच म्हणतं, कारण दोन्ही कार्बनच. फरक प्रयोगशाळेतलं यंत्र सांगतं.

आजीच्या कुडीतले जुने हिरे वापरायचे असतील तर सबुरीने घ्या. बंद कोंदणात कधी खड्यामागे चकाकीचा पातळ पत्रा असतो. तो काढला की खडा मलूल दिसू शकतो. हिरा कठीण असला तरी कडेला घाव बसला तर टवका उडतो. म्हणून खडे तुमच्यासमोर काढायला सांगा, तिथेच वजन करून कागदावर लिहून घ्या. जुने खडे क्वचितच एकसारखे असतात, तेव्हा प्रत्येकाचं घर वेगळं कोरावं लागतं. मजुरी वाढते, पण ती कुरकुर करण्यासारखी नाही.

आता चित्र. कॉम्प्युटरवर काढलेल्या आकृतीची मेणाची प्रत छापून येते. ती नुसती पाहू नका, कानाला लावा. आणि वजन करा: मेणाच्या वजनाला साडेपंधराने गुणलं की अठरा कॅरेट सोनं (सोन्यात कॅरेट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता) किती लागेल याचा अंदाज येतो. ०.२ ग्रॅम मेण म्हणजे सुमारे तीन ग्रॅमची कुडी. माझ्या हिशेबात रोजच्या वापराला एवढंच बरं. पुढे प्लास्टरचा साचा, भट्टी, मेण जळून जातं आणि त्या पोकळीत सोनं ओततात. त्यात तुमचं काही काम नाही.

"बावीसचंच करा" असा आग्रह धरू नका. बावीस मऊ, बारीक नखं वाकतात आणि खडा जातो. अठरात हजारात ७५० भाग सोनं असतं आणि त्यालाही हॉलमार्क मिळतो. मात्र तो शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, सोन्याबद्दल बोलतात, हिऱ्यांबद्दल नाही. पाठीमागे जाळी मोकळी ठेवायला सांगा. चमक वरून शिरलेल्या उजेडाची असते, जाळी लागते ती मळ धुवून काढायला.

जडाई झाली की सुती साडीचा पदर कुडीवरून हलकेच फिरवा. धागा अडकला तर नख उचललेलं आहे, परत द्या. मग कुडी कानाशी नेऊन हलवा. सैल खडा बारीक खुळखुळतो.

बिलात एकूण वजन, सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्यांचे कॅरेट वेगवेगळे हवेत. आपल्या जोडीतल्या ८४ सेंटचे ०.१६८ ग्रॅम सोन्यातून वजा झाले पाहिजेत. माझ्या आत्याच्या अंगठीचं बिल एका पेढीने खड्यांसकट सोन्याच्या भावाने लावलं होतं, आणि तिला ते मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

शेवटी फिरकी. ती चार-पाच आटे घट्ट फिरली पाहिजे. दोन आट्यांत बसणारी फिरकी तिथेच बदलून मागा. आणि घरी धुवाल तेव्हा नळाखाली नको. पातेल्यात कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ ब्रश, आणि पाणी ओतताना खाली चहाची गाळणी.